जादू येणारा राक्षस: ओगर मेज इतका अवघड का जातो?

रोल-प्लेइंग, म्हणजे एखादे पात्र होऊन गोष्ट खेळण्याच्या, खेळांत नव्याने रमू लागलेल्या मंडळींना एक कोडे हमखास पडते. ओगर नावाचा थोराड, मंदबुद्धी, हातात सोटा घेऊन अंगावर धावून येणारा राक्षस त्यांनी पहिल्या दोन-तीन लेव्हलांतच, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या सुरुवातीच्या पायऱ्यांवरच, लोळवलेला असतो. पुढे कधीतरी त्याच्याच भाऊबंदांपैकी म्हणून ‘ओगर मेज’ (इंग्रजीत मेज म्हणजे जादूगार) समोर येतो आणि एका झटक्यात निम्मा गट आडवा करतो; त्याला जखमी करावे तर तो दिसेनासा होतो, आणि खेळाडू एकमेकांना सावरेपर्यंत अंगावर ओरखडाही नसल्यासारखा परत हजर होतो. खेळाडू चिडतात. गंमत अशी, की दुसऱ्या एखाद्या टेबलावर, म्हणजे खेळणाऱ्यांच्या दुसऱ्या गटात, हाच ओगर मेज तीन फेऱ्यांत मरून पडतो आणि आठवडाभर त्याची तयारी केलेला खेळ चालवणारा हिरमुसतो. एकाच प्राण्याबद्दल ‘फार भारी’ आणि ‘फार फुसका’ अशा दोन्ही तक्रारी होतात, आणि माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे: ओगर मेजची खरी ताकद लढाई सुरू होण्याच्या आधी वापरायची असते, आणि बहुतेक टेबलांवर तो थेट लढाईतच आणून उभा केला जातो.

नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या आसपास किंवा इंदिरानगरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये सुटीच्या दिवशी जमून हे खेळ खेळणारे तरुण आता अगदीच विरळ राहिलेले नाहीत. त्यांच्या घरच्यांना मात्र टेबलावरचे वीस बाजूंचे फासे आणि शिंगे असलेल्या निळ्या राक्षसाचे चित्र पाहून हा काय प्रकार आहे, असा प्रश्न पडतो. हा लेख त्या दोघांसाठी, म्हणजे नवख्या खेळाडूंसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, लिहिला आहे. ज्यांना खेळ ठाऊक आहे त्यांनी पहिला भाग सोडून पुढे जायला हरकत नाही.

खेळ कसा चालतो, एवढे आधी

डंजन्स अँड ड्रॅगन्स (थोडक्यात डी अँड डी) हा या जातीचा पहिला छापील आणि आजही सर्वांत जास्त ओळखला जाणारा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. यात ठरलेला पट नसतो आणि कोणी कोणाला हरवायचे नसते. एकजण गोष्ट चालवतो, त्याला डीएम (डंजन मास्टर) म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. डीएमने प्रसंग सांगायचा, खेळाडूंनी आपले पात्र त्यात काय करते ते सांगायचे, आणि जिथे यशाची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लावायचा, असा हा साधा क्रम आहे. वाटेत भेटणारे सगळे प्राणी, राक्षस, गावकरी, राजे यांच्या वतीने डीएम बोलतो आणि वागतो.

चार शब्द समजून घेतले की पुढचा सगळा लेख कळेल. पात्रात किती जीव उरला आहे ते सांगणारा आकडा म्हणजे हिट पॉइंट. तो शून्यावर आला की पात्र बेशुद्ध पडते. लढाई फेऱ्यांत मोजतात आणि एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. जादूचा किंवा विषाचा मारा झाल्यावर तो चुकवण्यासाठी किंवा सोसण्यासाठी जो फासा टाकतात त्याला सेव्ह म्हणतात. आणि एखादा राक्षस किती कठीण आहे याचा पुस्तकाने दिलेला अंदाज म्हणजे चॅलेंज रेटिंग. ढोबळमानाने ७ रेटिंगचा राक्षस सातव्या लेव्हलच्या चार पात्रांना झेपावा, अशी कल्पना असते.

पुढचे आकडे मी २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीतून घेतले आहेत, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हाती तीच पुस्तके आहेत. त्या आवृत्तीत ओगर मेजला ‘ओनी’ हे नाव दिले आहे. जुने खेळाडू अजूनही ओगर मेजच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे.

साधा ओगर आणि हा

साध्या ओगरचे रेटिंग २, हिट पॉइंट सरासरी ५९ आणि बुद्धी ५. माणसाची सर्वसाधारण बुद्धी १० धरली जाते, तेव्हा ५ म्हणजे काय हे सांगायला नको. तो दिसतो, येतो, सोटा घालतो आणि बहुधा मरतो.

ओगर मेजचे रेटिंग ७, हिट पॉइंट ११० आणि बुद्धी १४. शक्तीने तो ओगरच्या बरोबरीचाच आहे, पण बाकी सगळा मामला निराळा आहे. तो उडू शकतो. वाटेल तितक्या वेळा अदृश्य होऊ शकतो आणि वाटेल तितक्या वेळा जादूचा अंधार पसरवू शकतो. दिवसातून एकेकदा तो एखाद्या माणसाला मोहिनी घालू शकतो, आसपासच्यांना झोपवू शकतो, वायुरूप होऊन दाराच्या फटीतून निघून जाऊ शकतो आणि गोठवणाऱ्या थंडीचा साठ फुटी झोत सोडू शकतो. अंगावरची जखम दर सहा सेकंदांना १० हिट पॉइंटने आपोआप भरून येते. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे त्याला रूप बदलता येते: ठेंगू किंवा साधारण उंचीचा कोणताही माणूस, नाहीतर कोणताही राक्षसी देहाचा प्राणी.

एवढी लांबलचक यादी वाचून डीएमची पहिली प्रतिक्रिया ‘वा!’ अशी असते आणि दुसऱ्या क्षणी तो गोंधळतो, कारण लढाईत एका फेरीत एकच काम करता येते.

हा आला कुठून?

डी अँड डीच्या १९७५ सालच्या ग्रेहॉक या पुरवणीत तो प्रथम आला आणि १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये त्याच्या नावापुढे ‘जपानी ओगर’ असेच छापले होते. म्हणजे युरोपातल्या परीकथांमधला माणसे खाणारा ओगर आणि जपानी लोककथांमधला ओनी यांचे लग्न लावून हे अपत्य जन्माला आले. जपानातला ओनी शिंगे असलेला, लोखंडी गदा बाळगणारा, वाघाचे कातडे नेसणारा असतो. सेत्सुबुन या तिथल्या सणाला लोक आजही भाजलेले सोयाबीन फेकून त्याला घराबाहेर घालवतात.

त्या लोककथांतली एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. वातानाबे नो त्सुना नावाच्या योद्ध्याने क्योतोच्या राशोमोन वेशीपाशी इबाराकी-दोजी या ओनीचा हात तोडला आणि तो घरी नेऊन पेटीत कुलूपबंद केला. काही दिवसांनी त्याची म्हातारी मावशी दारात आली आणि तो हात एकदा बघू दे म्हणून गळ घालू लागली. त्याने नाही-होय करत पेटी उघडली, आणि मावशीने हात उचलला तो स्वतःच्या खांद्याला लावायलाच, कारण ती मावशी नव्हतीच. १९७७ च्या नियमांतही ओगर मेजचा तुटलेला अवयव परत चिकटवता येत असे. त्सुनाच्या गोष्टीत ओनीने दुसऱ्यांदा तलवार काढली नाही, झटापट केली नाही, नुसता मायेचा आवाज काढून दार उघडून घेतले. हा प्राणी चालवायचा कसा, ते या गोष्टीतून कळते.

आकडे काय सांगतात?

पाचव्या लेव्हलची चार पात्रे घ्या. त्यांच्यासमोर एकटा ओगर मेज ठेवला तर तो २९०० अनुभवगुणांचा (राक्षस हरवल्यावर मिळणाऱ्या गुणांचा) होतो. त्याच पुस्तकमालेतल्या हिशेबाप्रमाणे अशा गटासाठी २००० गुणांना लढत ‘मध्यम’ आणि ३००० गुणांना ‘कठीण’ समजली जाते. म्हणजे कागदावर ही लढत ‘मध्यम’च ठरते, ‘कठीण’ व्हायला १०० गुण कमी पडतात. डीएम हे पाहतो, निर्धास्त होतो आणि ओगर मेजला गुहेच्या तोंडाशी उभा करतो.

आता थंडीचा झोत पाहू. आठ बाजूंचे आठ फासे टाकायचे, म्हणजे सरासरी ३६ चा मार. सेव्ह जमली तर निम्मा. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराची प्रकृती बऱ्यापैकी असली तरी त्याचे हिट पॉइंट ३२ च्या घरात असतात आणि त्याची सेव्ह यशस्वी होण्याची शक्यता निम्मी. दणकट योद्ध्याचे ४९ धरले तर तो सरासरी मार खाऊनही उभा राहतो, पण १३ हिट पॉइंटवर. चौघे घोळक्याने गुहेत शिरले असतील तर पहिल्या सहा सेकंदांत दोघे जमिनीवर आणि उरलेले दोघे लटपटत, असा देखावा सहज तयार होतो. त्यानंतर ओगर मेजने झोपेची जादू टाकली तर खेळ आटोपलाच समजा, कारण ती जादू उरलेले हिट पॉइंट मोजते: आठ बाजूंच्या पाच फाशांची बेरीज, सरासरी २२, एवढ्या हिट पॉइंटची पात्रे सगळ्यांत कमजोर असलेल्यापासून क्रमाने झोपतात, आणि तिला सेव्हही नाही. धडधाकट गटावर निरुपयोगी असलेली ही जादू झोतानंतर जीवघेणी ठरते. क्रमाला किती महत्त्व आहे, हे बऱ्याच डीएमांच्या लक्षात येत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. झोत एकदाच आहे. पात्रे पांगलेली असली, दोघांच्या सेव्ह जमल्या, की ओगर मेजच्या हातात लांब दांड्याचे पाते उरते आणि चौघे मिळून त्याच्यावर तुटून पडतात. दुहाती तलवारीचा योद्धा त्याच्यावर एका फेरीत दोन वार करतो आणि चुकलेले वार जमेस धरून सरासरी १३-१४ हिट पॉइंट घेतो. त्यांतले १० तर जखम भरल्याने परत येतात, म्हणजे एकट्या योद्ध्याने त्याच्याशी झुंजणे जवळजवळ व्यर्थ आहे. पण चौघांचा मार एकत्र आला की ११० हिट पॉइंट तीन-चार फेऱ्यांपलीकडे टिकत नाहीत. तीन फेऱ्या म्हणजे गोष्टीतले १८ सेकंद.

जुन्या आवृत्तीत तर ही विसंगती अधिकच ठळक होती. २००३ च्या नियमांत त्याचे रेटिंग ८ आणि हिट पॉइंट सरासरी अवघे ३७ होते. झोत लागला तर गट मेला, नाही लागला तर तो मेला. मधली अवस्था जवळपास नव्हतीच. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या दोन परस्परविरोधी तक्रारी तेव्हापासून चालत आल्या आहेत.

आकड्यांत न मावणारी गोष्ट

चॅलेंज रेटिंग मोजते ते समोरासमोरची झुंज. दोघेही एकमेकांना दिसत आहेत, दोघांनीही शेवटपर्यंत लढायचे ठरवले आहे, असे त्यात गृहीत असते. ओगर मेजच्या निम्म्याहून अधिक शक्तींचा अशा झुंजीत काहीच उपयोग नाही.

निफाड किंवा सिन्नरकडच्या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना बिबट्याचा अनुभव असतो, आणि ओगर मेज समजून घ्यायला तो अनुभव पुरेसा आहे. बिबट्याच्या अंगातले बळ किती, याने गावाची झोप उडत नाही. तो रात्री येतो, एक झडप घालतो, वासरू किंवा कुत्रे उचलतो आणि उसात शिरतो. उसात तो दहा फुटांवर असला तरी दिसत नाही. त्याचा बंदोबस्त करायचा तर कोणी काठ्या घेऊन उसात घुसत नाही. आधी ठसे पाहतात, तो कोणत्या वाटेने येतो ते ताडतात, कॅमेरे लावतात, शेळी बांधून पिंजरा ठेवतात आणि वाट पाहतात. ओगर मेजच्या बाबतीत फरक एवढाच, की हा बिबट्या दिवसा गावच्या पारावर बसून पिंजरा कुठे लावायचा या चर्चेत भागही घेतो.

आता त्याचे ४२ सेकंदांचे गणित पाहा. लढाईत ७० हिट पॉइंट गमावल्यावर, म्हणजे ४० शिल्लक असताना, तो अदृश्य होऊन उडाला तर सात फेऱ्यांत, म्हणजे ४२ सेकंदांत, तो पूर्ववत होतो. तेवढ्या वेळात पात्रांच्या हातून दोघा बेशुद्धांना उठवून औषध पाजण्यापलीकडे काही होत नाही. तो शहाणा असेल तर ४० वर येण्याची वाटही पाहणार नाही. ही एक खेळी त्याने दोनदा केली की गटाची सगळी जादू आणि सगळी औषधे संपतात, त्याचे मात्र काहीच खर्च होत नाही, कारण अदृश्य होण्यावर त्याला दिवसाची मर्यादा नाही. यातले काहीही त्या ‘मध्यम’ शिक्क्यात मोजलेले नसते.

मग हा रडीचा डाव नाही का?

खेळाडूंचा हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला नियमांतच उत्तर आहे. ओगर मेजला हात बांधणाऱ्या बऱ्याच अटी आहेत. त्या ठाऊक नसल्या तर मात्र तो खरोखरच रडीचा डाव वाटतो.

सर्वांत मोठी अट एकाग्रतेची. काही जादू टिकवून धरायला मन सतत त्यावर ठेवावे लागते आणि एका वेळी अशी एकच जादू धरता येते. अदृश्य होणे, अंधार पसरवणे आणि वायुरूप घेणे या तिन्ही त्यातल्याच. म्हणजे अंधार पसरवून शिवाय अदृश्यही राहणे त्याला जमत नाही, आणि अंगावर वार बसला की धरलेली जादू सुटू शकते. त्यातही हल्ला केला किंवा दुसरी जादू टाकली की अदृश्यपणा तिथेच संपतो. थंडीचा झोत सोडल्यावर तो कुठे आहे हे सगळ्यांना दिसते. वायुरूपात तर तो फेरीला दहा फूटच सरकतो आणि काहीही हल्ला करू शकत नाही.

दुसरे असे, की जखमा भरण्यासाठी त्याच्यात किमान एक हिट पॉइंट शिल्लक असावा लागतो. शून्यावर आला की तो मेला. त्यामुळे थोडे थोडे टोचत बसण्यापेक्षा सगळा मारा एकाच फेरीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. अदृश्य शत्रू दाखवणारी जादू दुसऱ्या पातळीची आहे (जादूची पातळी ही पात्राच्या लेव्हलहून वेगळी मोजतात), त्याच्या अंगाला लकाकी चिकटवणारी तर पहिल्याच पातळीची. पाचव्या लेव्हलच्या गटाकडे यातली एखादी असायलाच हवी. आणि घोळक्याने चालायचे नाही, एवढे एक पथ्य पाळले तरी झोताचे निम्मे विष उतरते.

राहिला वेषांतराचा प्रश्न. खरे रूप दाखवणारी मोठी जादू सहाव्या पातळीची, म्हणजे साधारण अकराव्या लेव्हलपासून मिळणारी. लहान गटाने तिची आशा धरू नये. थापा मारण्यातही ओगर मेज पटाईत आहे, त्याला त्यासाठी फाशावर ८ ची भर मिळते. पण नियमांत एक बारीक फट ठेवली आहे, आणि मला विचाराल तर या प्राण्याच्या वर्णनातली सर्वांत रसाळ ओळ तीच आहे. रूप बदलताना त्याच्या सामानापैकी फक्त ते लांब दांड्याचे पाते बदलते, आणि तेही केवळ आकाराने लहान होते. बाकी कपडे, चिलखत, पिशवी जशीच्या तशी राहते. म्हणजे ज्या कोणाचे तो सोंग घेतो त्याच्याकडे त्याच्या मापाचे एक पाते कुठेतरी असणार, आणि त्याचे खरे चिलखत त्याने कुठेतरी लपवलेले असणार. तपास सुरू करायला एवढा धागा पुरतो.

हा तर आपल्याकडचा राक्षसच झाला!

नाशिककराच्या मनात हे येणे अगदी स्वाभाविक आहे. परंपरेने पंचवटीत घडल्या असे मानल्या जाणाऱ्या प्रसंगांत रूप पालटून येणाऱ्यांची रांगच आहे. मारीच सोन्याचे हरीण होऊन येतो, बाण लागताच हरणाचे रूप सोडून मूळ देहात येतो आणि मरता मरता रामाच्या आवाजात हाका मारून लक्ष्मणाला दूर पाठवतो. त्यानंतर रावण संन्याशाच्या वेषात भिक्षा मागायला येतो. मेल्यावर मूळ रूप उघडे पडणे हा नियम ओगर मेजलाही जसाच्या तसा लागू आहे. महाभारतातला घटोत्कचही रात्र पडली की अधिक बळाने आणि मायेने लढतो.

साम्य इतके असले तरी दोन गोष्टींची गल्लत करू नये. डी अँड डीमध्ये ‘राक्षस’ या नावाचा एक वेगळाच प्राणी १९७५ पासून आहे: वाघाचे डोके, उलटे तळहात, रेटिंग १३, आणि सहाव्या पातळीपर्यंतची कोणतीही जादू त्याने मनात आणल्याखेरीज त्याला बाधत नाही. तो ओगर मेज नव्हे. शिवाय आपल्या ग्रंथांतले राक्षस तप करतात, वर मिळवतात, राज्ये चालवतात. त्यांच्यात बिभीषणासारखा नीतीचा पक्ष घेणारा आहे आणि मंदोदरीसारखी नवऱ्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सुनावणारी राणी आहे. खेळातल्या दोन्ही प्राण्यांना असे कूळ नाही, इतिहास नाही, धर्मसंकट नाही. डीएमला मात्र ते द्यायला कोणी मज्जाव केलेला नाही, आणि रामकथा कानावर पडत मोठ्या झालेल्या मुलांच्या टेबलावर ते दिले तर खेळ रंगतो, असे माझे मत आहे. पंचवटीच्या गोष्टीत मारीचाने एकही शस्त्र चालवले नाही, पण पुढचे सगळे रामायण त्याच्यामुळे घडले. ओगर मेज चालवणाऱ्याला यापेक्षा चांगला धडा परदेशी पुस्तकात सापडणार नाही.

टेबलावर तो कसा आणावा?

एक नमुना देतो. गाव काल्पनिक, पण परिसर दिंडोरीच्या आसपासचा समजा. जानेवारी संपत आला आहे, द्राक्षे काढणीला आली आहेत आणि एक व्यापारी गावात उतरला आहे. तो बोलायला गोड आहे, भाव चांगला देतो, उधारीवर माल उचलत नाही. (माल नेऊन पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांनी पोळलेल्या आपल्या शेतकऱ्यांना यापेक्षा जास्त विश्वासू माणूस कुठला वाटणार?) त्याच सुमारास बागांवर रात्री राखण करणारे गडी एकेक करून नाहीसे होऊ लागले आहेत. झटापटीच्या खुणा नाहीत, आरडाओरडा कोणी ऐकलेला नाही. खेळाच्या नियमांत साध्या गावकऱ्याला ४ हिट पॉइंट असतात. झोपेची एक जादू असे पाच जण निजवायला पुरेशी आहे.

आता पात्रे गावात येतात. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर कोणताही राक्षस आणायचा नाही, फक्त माणसे आणायची. चौकशी केली तर कळते, की हा व्यापारी कोणत्या गावचा ते कोणालाच नक्की ठाऊक नाही. घड छाटताना त्याच्या बोटाला कात्री लागली होती, रक्ताचा थेंब मण्यावर पडलेला पाहिला, पण पट्टी घेऊन येईपर्यंत बोटावर वणही नव्हता, असे एक मजूर बाई सांगते आणि लगेच विषय बदलते. त्याच्या बैलगाडीत क्रेटच्या खाली गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी लांबट आहे. कांद्याच्या एका रिकाम्या चाळीत अवाढव्य मापाचे कडीचे चिलखत सापडते. यांतला एकही पुरावा एकट्याने पुरेसा नाही. तीन जुळले की खेळाडूंच्या डोक्यात प्रकाश पडतो आणि तो प्रकाश पडताना त्यांचे चेहरे पाहणे हा डीएमचा खरा मेहनताना आहे.

मोहिनीची जादू वापरायची ती याच टप्प्यावर, लढाईच्या आधी, कारण लढाईत तिची सेव्ह जमण्याची शक्यता वाढते. एका पात्रावर ती चालली तर व्यापारी त्याला तासभर ओळखीचा स्नेही वाटेल. पण जादू उतरल्यावर आपल्यावर मोहिनी टाकली होती हे त्या पात्राला कळते, तेव्हा ओगर मेजच्या दृष्टीनेही हा जुगारच आहे.

शेवटची लढत झालीच तर ती त्याला हवी तिथे होऊ द्यायची नाही, हे खेळाडूंच्या हाती असते. त्यांनी पिंजरा लावला, म्हणजे राखणदाराच्या जागी स्वतः पडून राहिले, पांगून बसले आणि लकाकीची जादू तयार ठेवली, तर त्याचे १८ सेकंदांत काम तमाम होते आणि त्यांना ते अजिबात फुसके वाटत नाही. तेच ११० हिट पॉइंट असतात, तेच पाते असते.

‘पण मुलांच्या डोक्यात हे भलतेसलते कशाला?’

घरच्यांचा हा प्रश्न नवा नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतही हा खेळ सैतानी असल्याची ओरड झाली होती आणि ती यथावकाश विरली. खेळात ‘जादू’ म्हणतात ती आकड्यांची आकडेमोड आहे, हे वरचे हिशेब वाचल्यावर वेगळे सांगावे लागू नये. कोणतेही मंत्र त्यात शिकवले जात नाहीत. माणसे खाणाऱ्या प्राण्याचा विषय लहान मुलांसमोर कितपत उघड करावा, हा विचार मात्र डीएमने करायलाच हवा, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी वरच्या गोष्टीत गडी नाहीसे होण्याऐवजी शेळ्या नाहीशा झाल्या तरी काही बिघडत नाही.

आकडेही त्यांच्यासाठी खाली आणता येतात. तिसऱ्या लेव्हलच्या गटासमोर ओगर मेज आणायचाच असेल तर झोताचे फासे आठाऐवजी तीन करा, हिट पॉइंट ६० वर आणा, जखम भरण्याचा वेग फेरीला ५ ठेवा. बुद्धी मात्र १४ च राहू द्या, आणि रूप बदलण्याच्या शक्तीलाही हात लावू नका.